नीळकंठराव खाली बसलेत

'आज वॉक नहीं किया। खाली बैठा हूँ।'

नीळकंठरावांचा मेसेज ग्रुपवर पडला आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, हम भी खाली ही बैठे हैं अंकल, बीवी कोई काम नहीं देती. कोणी चहाच्या कपाचा फोटो टाकला. सुलभाताईंनीही अंगठा दाबला आणि दुधी चिरायला घेतला.

ग्रुप हार्टवाल्यांचा. नाव 'धीमी चाल'. सकाळी वजन टाकायचं, पायावर सूज आहे का, गोळ्या घेतल्या का, किती चाललात. डॉक्टर कोणीच नाही, सगळे पेशंट. कोणी लोणचं खाल्लं की बाकीचे झापतात. नवरा गेल्यापासून सुलभाताईंना 'जेवलात का' विचारणारं तेवढंच ठिकाण उरलं होतं. तेही हिंदीत.

नीळकंठराव बरखेड्याच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन शाहपुऱ्यात, तलावाकाठी राहायला आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको गेली, मुलगी गौरी नागपूरला. तलावाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सुलभाताई, पण भेट कधीच नाही. त्यांची हिंदी मधेच मराठीत घसरायची. एकदा लिहिलं, डाइट चार्ट देखकर मेरे को बहुत राग आया. ग्रुपने विचारलं, कौन सा, यमन या भैरवी? सुलभाताई घरात एकट्याच मोठ्याने हसल्या होत्या.

सुरी थांबली.

खाली. रिकामा नव्हे. खाली म्हणजे खाली. जिन्याच्या.

नीळकंठरावांचा फोन बराच वेळ वाजला.

"नीळकंठराव, मी सुलभा, ग्रुपमधली. कुठे आहात?"

"खाली बसून आहो जी." मधे दम घेतला. "दूध आणाले उतरलो होतो. आता जिना चढवत नाही."

"पाय?"

"फुगले."

"मग सरळ लिहायचं ना तसं!"

"अॅडमिट झालो का गौरी घराले कुलूप लावते अन् नेते मले. मागच्या वेळीच बोलली ते." पुन्हा दम घेतला. "म्हटलं, कोणी विचारलं तर सांगीन."

सुलभाताईंनी पत्ता विचारून घेतला, अँब्युलन्ससाठी एकशे आठला फोन केला आणि ऑटो पकडली.

ते मीटरच्या डब्यांखाली भिंतीला टेकून बसले होते. येणारे-जाणारे नमस्कार करून वर गेले होते, म्हातारा हवा खात बसलाय असं वाटून. वरून फाइल आणि गोळ्या आणाव्यात म्हणून सुलभाताईंनी किल्ली मागून घेतली. पहिल्या वळणापर्यंत चढल्या. मग कठडा धरून उभ्या राहिल्या, आणि तशाच हळूहळू खाली आल्या. त्यांचंही हृदय ग्रुपमधलंच होतं.

शेजारी बसल्या.

"डीपीत तुम्ही उंच दिसता," नीळकंठराव म्हणाले.

"तुम्ही डीपीत काळ्या केसांचे आहात. बोलू नका आता."

दुधाची पिशवी दोघांच्या मधे होती.

अँब्युलन्स आल्यावर मात्र बिल्डिंग गोळा झाली. परीक्षित नावाचा तळमजल्यावरचा मुलगा तर शर्टाची बटणं लावतच बाहेर आला. सुलभाताई गाडीत चढायला पुढे झाल्या, तसा अटेंडंट म्हणाला, आंटी, आप खुद हाँफ रही हो, आप रहने दो. रिश्ते में कोई है? कोणी नव्हतं. परीक्षित किल्ली घेऊन वर धावला, फाइल आणि गोळ्या घेऊन आला आणि गाडीत चढला.

स्ट्रेचरवरून नीळकंठरावांनी हात हलवून सुलभाताईंना जवळ बोलावलं आणि एक नंबर सांगितला.

"गौरीले फोन करा," ते म्हणाले. "म्हणा, ये म्हणते बाबा."

दार लागलं. गाडी तलावाकडे वळली. गर्दी पांगली, कोणीतरी दुधाची पिशवी आपल्या फ्रीजमध्ये ठेवायला घेऊन गेलं.

फुगलेल्या पायांत चपला गेल्या नव्हत्या, त्या तिथेच राहिल्या होत्या. सुलभाताईंनी त्या उचलल्या. वर त्यांच्या दाराशी नेऊन ठेवणं शक्य नव्हतं. मग पहिल्या पायरीवर, भिंतीकडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागणार नाही अशा नीट जोडून ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी बसून गौरीला काय सांगायचं ते मनात जुळवू लागल्या.