आव्याकडे पाठ

मी जुनी आहे, झिजलेली आहे आणि मुठीजवळ मला बोटभर चीर गेली आहे. मित्रांनो, मी एका कुंभाराची थापी. थापी म्हणजे लाकडाची जाड फळी, एका टोकाला मूठ. तुम्ही मला पाहिलंत तर धुणं बडवायचा दांडा समजाल, आणि मला राग येईल. चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि बसकं असतं. कुंभार एका हाताने आतून दगडी गुंडा धरतो, दुसऱ्या हाताने बाहेरून मला मारतो, आणि हळूहळू मडक्याला पोट सुटतं. दिवसभर मी मारत असते, पण माझ्या माराने आजवर एकही मडकं फुटलेलं नाही. एवढा तोरा मला मिरवू द्या.

माझा जन्म बाभळीचा. भिंगारच्या पलीकडे पाथर्डीच्या रस्त्याला आमचं गाव. तिथल्या सुताराने मला तासलं आणि गोरक्षनाथ कुंभाराच्या हातात दिलं. गोरक्षनाथबाबा मोठे तऱ्हेवाईक. सबंध महिन्याची मडकी आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, रचायची, वर गोवऱ्या, तुराट्या, राख घालायची, आव्याला हात जोडायचे आणि आग लावायची. मग ते काय करायचे? आव्याकडे पाठ करून बसायचे, मातीचा नवा गोळा घ्यायचे आणि पुढचं मडकं सुरू करायचे. तिसऱ्या दिवशी आवा पुरता निवल्याशिवाय मागे वळून बघायचे नाहीत. त्यांचा मुलगा रखमाजी तेव्हा तरुण होता. "बाबा, किती निघत्याल ओ चांगली?" असं तो विचारायचा. म्हातारा म्हणायचा, "माजं काम थापीपतुर. पुढचं इस्तवाचं काम हाय. त्येच्या कामात मी कशाला तोंड घालू?"

मला हे ऐकून बरं वाटायचं, कारण माझंही काम थापीपर्यंतच. मडकं वाळायला गेलं की आमची ताटातूट होते. ते पुढे भिंगारच्या बाजारात गेलं, तिथल्या लष्करातल्या कुणा जवानाच्या बायकोने टिचकी मारून घेतलं, की आव्यातच तडकलं, हे मला कळतच नाही.

बाबा गेले आणि मी रखमाजीच्या हातात आले. हात बापासारखाच होता, सावकाश आणि एकसारखा. आव्याकडे पाठ करायची रीतही त्याने सांभाळली. आमच्या रांजणातलं पाणी वैशाखातही दात शिवशिवेपर्यंत गार असायचं, असं पंचक्रोशीत म्हणत. पंचवीस वर्षं अशी गेली.

मग बहात्तर साल आलं. पावसाने पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले, गुरं छावणीत गेली. रखमाजीचा मुलगा सहादेव आणि सून चांगुणा दुष्काळी कामावर जाऊ लागली. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. दिवसभर माती वाहायची आणि खडी फोडायची.

चांगुणाची तुम्हाला ओळख करून दिली पाहिजे. तिचं माहेर शनिशिंगणापूरचं. तिथल्या घरांना दारं नसतात. "दार न्हाई तशी तोंडाला कडी बी न्हाई," असं तिची सासू छबूबाई तिला चिडवायची. पण सासऱ्यापुढे मात्र ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायची नाही. तशी रीतच होती. चांगुणाला पाचवा महिना होता. आधीच्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे घरात सगळे जपून बोलत. पण जपून बसायला ते साल कुणालाच परवानगी देत नव्हतं.

पुढच्या चैत्रातल्या एका दुपारी शेजारची रंगुबाई आणि सहादेव तिला बैलगाडीत घालून घरी घेऊन आले. कामावर ती चक्कर येऊन पडली होती. "पानी मागत हुती वो," रंगुबाई सांगत होती. "लोखंडी पिपातलं पानी ते! च्याला ठिवल्यावानी कडकडीत. घोट घेतला अन् वकली." नर्सबाईंनी तपासलं आणि पंधरा दिवस उठू देऊ नका म्हणून सांगितलं. बाळाचं काय, असं छबूबाईने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता काही सांगता येत नाही."

रखमाजी दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याच संध्याकाळी तो मुकादमाकडे जाऊन चार माणसांत बोलून आला, "पंधराव्या दिशी कामावर आठ रांजण आनून ठिवतो. माजी सून परत यील तवा पिपातलं पानी पिनार न्हाई." पंधरा दिवसांनी तिला पुन्हा कामावर जावंच लागणार होतं. एकट्या सहादेवच्या कामावर घर चालणार नव्हतं.

मित्रांनो, रांजण म्हणजे काही पणती नव्हे. आधी माती मळायची, आणि माती मळायला पाणी लागतं. पहाटेपासून रांगेत उभं राहून छबूबाई दोन हंडे आणायची. त्यातला एक रखमाजी मातीत ओतू लागला. लोक बोलू लागले. "प्याया पानी न्हाई अन् ह्यो बाबा चिखुल कालवतोय!" छबूबाईने स्वतःची आंघोळ सोडली.

आणि रखमाजीचा हात बदलला. हे मला आधी कळलं, इतरांना नंतर. पूर्वी तो माझा आवाज ऐकत मारायचा. आता तो मारताना तोंडाने पुटपुटत असायचा, "आठ व्हायलाच पायजेत, आठ व्हायलाच पायजेत." माझ्याखाली चौथा रांजण असायचा आणि त्याचं मन आठव्याजवळ. खांद्याशी माती पातळ व्हायची, बुडाशी जाड राहायची. मी लाकूड, मी काय सांगणार? मी माझ्या परीने जड पडून पाहिलं. त्याने मूठ आणखी घट्ट धरली.

तेराव्या दिवशी सकाळी आवा लागला. रांजण आतून नीट वाळले नव्हते, तरी लागला. हात जोडून झाले आणि मी वाट पाहू लागले, की आता हा पाठ करील आणि मातीचा गोळा घेईल. पण रखमाजी आव्याकडे तोंड करून बसला. जेवला नाही. धूर पातळ झाला की उठायचा, दाट झाला की बसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला धीर धरवला नाही. "उद्या तिला जायाचंय," एवढंच म्हणाला आणि काठीने राख ओढू लागला. छबूबाई धावत आली. "आवं, आवा निवला न्हाई अजून! तिसरा दिस तरी हुद्या!" त्याने ऐकलं नाही. वर वारा सुटला होता. तापलेल्या मातीला बाहेरचा वारा लागला, आणि आतून आवाज आला, टण्. मग दुसरा. मग एकामागून एक. इतकी वर्षं माझ्या कानावर न आलेला तो आवाज मी त्या दिवशी ऐकला. आठांपैकी सात उभे चिरले. आठवा बुडातून पाझरत होता.

रखमाजीने मला उचललं आणि जीव खाऊन भिरकावलं. मी गाढवांच्या गोठ्यापलीकडच्या राखेच्या ढिगावर आपटले. मुठीजवळची चीर तेव्हाची. आयुष्यभर मी मारलं होतं. मार खाण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. चूक माझी नव्हती असं मी कितीदा तरी स्वतःशी म्हटलं, पण ऐकायला तिथे मुंग्यांशिवाय कुणी नव्हतं.

पुढचं मला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी चांगुणा कामावर गेली. जाताना तिच्या हातात पाण्याचा लहानसा तांब्या होता. रखमाजी तिच्याकडे बघू शकला नाही. त्यानंतर त्याने चाकाला हात लावला नाही. ओट्यावर बसून राहायचा. संध्याकाळी सून परतली की छबूबाईला हळूच विचारायचा, "जगंल का गं ते?" रोज तोच प्रश्न.

आठवडी बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी होती. भांडी घासायला राख न्यावी म्हणून चांगुणा ढिगापाशी आली आणि तिच्या हाताला मी लागले. तिने मला पदराने पुसलं, माझ्या चिरेवर चिंधी घट्ट गुंडाळली आणि ती थेट ओसरीत येऊन बसली. अपशकुन झाला म्हणून कोपऱ्यात सारून ठेवलेली मळलेली माती ओल्या पोत्याखाली अजून मऊ होती. आमच्याकडे बाईने चाकाला शिवायचं नसतं, पण थापीला कुणाची ना नाही. चाकावरून आधीच उतरवून त्याच पोत्याखाली ठेवलेलं एक मडकं तिने पुढ्यात ओढलं आणि मला चालवू लागली. हात नवखा होता, वेडावाकडा पडत होता. ओट्यावरच्या रखमाजीला ते ऐकू जात होतं.

सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती माझ्याशी बोलली. मोठ्याने.

"थापीबाई, मामंजींना सांग जरा. सारखं इचारत्यात, जगंल का, जगंल का. त्यांनी आवा उघडून बघितला. मला कुठं उघडून बघता येतंय?"

तिचा हात चालूच होता.

"मागल्या खेपंला मी दिसरात हेच इचारत बसले हुते. तरी गेलंच की ते. म्हनून औंदा ठरिवलं, इचारायचंच न्हाई. भाकर खायाची, सावलीला बसाया मिळालं तर बसायचं, पानी मिळंल तेवढं प्यायचं. एवढंच माज्या हातात हाय. बाकी रडू येतं तवा रडते. पर भाकर खाते."

छबूबाईने डोळ्यांना पदर लावला. ओट्यावरून आवाज आला, "खांद्याशी लई मारू नगंस म्हनावं तिला. पातळ हुईल." आणि मग रखमाजी स्वतः उठून आला. त्याने मला सुनेच्या हातातून घेतलं, माझी चीर बोटाने चाचपली आणि मान खाली घातली. मला त्याच क्षणी त्याचा राग सोडून द्यावासा वाटला.

त्याने पुन्हा रांजण करायला घेतले, पण यावेळी मुकादमाला कुठलीही तारीख दिली नाही. खांदा चालला असताना तो खांद्याशीच असायचा, बूड चाललं असताना बुडाशी. कधी मध्येच त्याचा हात घाई करू लागायचा. मग तो थांबायचा, मला खाली ठेवायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. असा कितीदा तरी थांबला. काळजी गेली होती असं समजू नका. चांगुणा रोज उन्हात होती आणि पिपातलं पाणी तसंच कडकडीत होतं. ती काळजी घेऊनच तो कामाला बसत होता.

आवा लागला. रखमाजीने हात जोडले, पाठ केली आणि गोळा घेतला. तिसऱ्या दिवशी सहादेव आणि छबूबाई आवा उघडायला गेले. मागून टिचक्यांचे आवाज येऊ लागले, काही खणखणीत, काही भद्द. माझ्यावरची मूठ एकदम आवळली. मला वाटलं, हा आता उठणार. पण तो उठला नाही. समोरचं मडकं त्याने बोटभर फिरवलं आणि मला पुन्हा चालवलं.

काही रांजण गेले, काही निघाले. जे निघाले ते सहादेवने कामावर लिंबाखाली नेऊन ठेवले आणि वर ओली पोती घातली. रंगुबाईने म्हणे पहिला पेला चांगुणाला दिला.

आषाढात, महिनाभर आधीच, चांगुणाला मुलगी झाली. इतकी बारीक, की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावायची. तिचं नाव मुक्ता. अजूनही ती अशक्त आहे. नर्सबाई अजूनही म्हणतात, आत्ता काही सांगता येत नाही. माझ्या शेजारीच तिची झोळी बांधलेली आहे आणि ठप् ठप् चालू असलं की ती झोपते.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकेन असं नाही. चीर वाढते आहे. तुमच्या घरी कुठलंही जुनं हत्यार असेल तर त्याला राखेत फेकू नका. काम बिघडलं म्हणून त्याच्यावर राग काढू नका. आणि तुमचा अभ्यास असो, शेत असो की आजारी माणूस, शेवट काय होईल हे विचारून विचारून हातातलं काम पातळ करू नका. मी हे सांगते आहे, कारण मी ते रांजण चिरताना ऐकले आहेत.

रखमाजी अजून रोज संध्याकाळी काम थांबवून झोळीपाशी जातो आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेताने छबूबाईला विचारतो. पूर्वी विचारायचा, जगंल का? आता विचारतो, "दूध प्याली का गं?"