सांध्यातला आवाज

मित्रांनो, जुनी म्हणवून घ्यायला मला आठच वर्षे पुरली. ओव्हरडेन गावच्या क्रिकेट क्लबात, चहाच्या खोलीतल्या एका खिळ्यावर मी, एक बॅट, आता टांगलेली असते. माझ्या अंगावर लाल चेंडूंचे डाग आहेत, डाव्या कडेला चिकटपट्टी आहे आणि जिथे मूठ लाकडात शिरते त्या सांध्यात एक आवाज आहे. ही हकीकत त्या आवाजाची आहे. ती ऐकून तुम्हांला बरे वाटेल, असे वचन मी देत नाही.

माझे झाड दूर दक्षिणेकडे, एका संथ ओढ्याच्या काठी उभे होते. विलोचे झाड, त्यातही मादी. बॅटीला मादी झाडाचेच लाकूड चांगले, असे इकडे म्हणतात. या म्हणण्याचे मला पुढे फार हसू येई. कारण ओव्हरडेनच्या मैदानावर शंभर वर्षे पुरुषांनी मादीच्या लाकडाने धावा काढल्या आणि बायकांनी त्यांच्यासाठी आत बसून काकडीची सँडविचे कापली. क्लबाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत खेळाडूंच्या नावांची फळी आहे. सँडविचे कापणारे एकही नाव तिच्यावर नाही.

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे एका म्हाताऱ्या कारागिराची शेड होती. तिथे मी वर्षभर नुसती वाळत पडले, मग दाबली गेले, तासली गेले. वेताची मूठ माझ्या खांद्यांमधल्या खाचेत बसवताना कारागिराने श्वास रोखून धरल्याचे मला आठवते. बॅटीचा जीव या सांध्यात असतो. बाकीचे सगळे शरीर.

मला विकत घेतले विल्फ हेलिवेल यांनी, आपल्या बारा वर्षांच्या नातीसाठी. तिचे नाव ब्रायोनी. मी तिच्या कमरेच्या वर येत होते. कारागीर म्हणाला, ही मोठी होते पोरीला. विल्फ म्हणाले, "पोर वाढेल की. बॅट थोडीच वाढणार आहे?"

विल्फ यांनी हयात दगडाच्या खाणीत घालवली होती आणि चाळीस वर्षांचे शनिवार पांढऱ्या कोटात, पंच म्हणून. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी ब्रायोनीला मला हातात देतानाच सांगितला होता. "कड लागली की निघायचं. पंचाकडे बघायचं नाही. पंचाला कळलं नसेल. तुला कळलेलं असतं." आमच्या खोऱ्यातही हा रिवाज आता विटत चालला होता. पण हेलिवेलांच्या घरात तो जेवणाआधी हात धुण्याइतका साधा होता. चेंडूला कड लागून झेल गेला, की ब्रायोनी पंचाच्या बोटाची वाट न पाहता निघे. मी तिच्या काखेत, आणि पाठीमागे गोलंदाजाचे अर्धवट राहिलेले अपील.

सुरुवातीला ती मुलांच्याच संघात खेळे. मुलींचा संघ नव्हताच. पहिल्याच सामन्यात सीमारेषेवरून समोरच्या संघातल्या एका मुलाने विचारले, "काय गं, आज चहा कोण करणार मग?" दोन षटकांनी तो फलंदाजीला आला आणि तिच्या आत वळलेल्या चेंडूवर त्याची मधली यष्टी उताराने गडगडत गेली. आमचे मैदान असे तिरके आहे, की एका बाजूला आपटलेले काहीही खालच्या ओढ्यापर्यंत जाते. ब्रायोनी त्याला म्हणाली, "आता आत चाललाच आहेस, तर किटली ठेव." त्या दिवसापासून तिची कोणी थट्टा केली नाही. प्रेमही केले नाही. हळूहळू सवय करून घेतली, एवढेच.

ती वाढत गेली. सोळाव्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुलींच्या संघात, अठराव्या वर्षी मोठ्यांच्या दुसऱ्या संघात; चेंडू आत वळवणारी, सहाव्या क्रमांकावर येऊन पडझड थोपवणारी अष्टपैलू. स्थानिक वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. त्यात मी अर्धीच दिसते, पण दिसते.

या सगळ्या वर्षांत ऑक्टोबर आला, की विल्फ मला मांडीवर आडवी घेत. आधी माझ्या खांद्याला कान लावून मूठ हलकेच पिळत. आवाज आला तर सांध्यात सरस भरत आणि नवा दोरा गुंडाळत. मग जवसाचे तेल, फडक्याने, थोडे थोडे, जणू आजारी माणसाचे अंग पुसावे तसे. सगळ्या विधीला ते नुसते 'तेल घालणे' म्हणत. मला वाटते, माझ्या आयुष्यात मी ऐकली गेले ती तेवढीच.

मी आल्यापासूनच्या सातव्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, विल्फ यांना अर्धांगाचा झटका आला. डावे अंग गेले. त्यांना टेकडीखालच्या वृद्धाश्रमात ठेवले. तिथून, जड झालेल्या जिभेने, ते नातीला दर रविवारी विचारत, तेल घातलंस का. ती दर रविवारी म्हणे, घातलं, आजोबा. ती खोटारडी नव्हती, मित्रांनो. ती दमलेली होती. सकाळी व्यायाम, दुपारी दुकानातले काम, संध्याकाळी बंदिस्त हॉलमधला सराव, आणि तिथे ती एका कंपनीने दिलेली नवी, लखलखीत बॅट वापरी. आज नाही तर उद्या घालीन म्हणून तिने मला पाणी तापवायच्या बॉयलरशेजारी उभी केली. आख्खा हिवाळा मी त्या कोरड्या उबेत उभी होते. उबेनेही माणूस वाळतो. लाकडाचे काय घेऊन बसलात.

एप्रिलमध्ये काउंटीच्या महिला संघात एकच जागा रिकामी झाली. पगारी जागा. दुकान सोडता येईल, खेळ हेच काम होईल, अशी. त्या जागेसाठी दोघीजणी उरल्या होत्या: ब्रायोनी आणि तिच्याच वयाची इमोजेन प्राइस. दोघी एकाच बाजूने एक सराव सामना खेळणार होत्या आणि त्यावर प्रशिक्षक रूथ गार्साइड निर्णय देणार होत्या. त्या सकाळी ब्रायोनीने नवी बॅट बाजूला ठेवली आणि मला उचलले. आजोबांची म्हणून. शुभ म्हणून. मला हात लावल्याबरोबर तिला माझा कोरडेपणा जाणवायला हवा होता. पण थंडी होती आणि तिने हातमोजे घातले होते.

गोलंदाजीत तिने तीन बळी घेतले. मग त्यांचा डाव आला. इमोजेन आधी खेळायला गेली आणि तिसऱ्याच षटकात तिच्या बॅटीची कड लागून चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. आत पिशवीत असलेल्या मलासुद्धा तो आवाज आला. इमोजेन हललीच नाही. शांतपणे हेल्मेटचा पट्टा सारखा करीत राहिली. पंचांनी नकार दिला आणि पुढे तिने एकाहत्तर धावा केल्या. ती बाद होऊन परतली तेव्हा ब्रायोनी तिला म्हणाली, लागलं होतं ना गं. इमोजेन पॅडचे बंद सोडत म्हणाली, "असेल. सांगायला पंच ठेवलेत ना तिथं, पगार देऊन?"

ब्रायोनी आत गेली तेव्हा सामना अवघड झाला होता. तिने चौतीस धावा काढल्या. जिंकायला एकोणीस हव्या होत्या. वारा टेकडीवरून थेट तोंडावर येत होता. एक चेंडू बाहेर, थोडा पुढे पडला. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट आवळले आणि जोरात फिरवले.

चेंडू माझ्याजवळून गेला. मला स्पर्श न करता. मी सांगते ना. माझ्याशिवाय हे कोण सांगणार? पण त्याच क्षणी, त्या आवळण्याने, माझा वाळलेला सांधा वाजला. कट्. बारीक, सुका, नेमका कड लागल्यासारखा.

यष्टिरक्षकाने चेंडू धरला आणि हात अर्ध्यावर नेऊन थांबवले. कोणी अपील केले नाही. ब्रायोनीने पंचांकडे पाहिले नाही. मला काखेत घेतले आणि ती निघाली. गोलंदाज मुलगी शेजारणीला म्हणाली, "ही कुठं चालली?" मग एकीने अपील केले, चालणाऱ्या पाठीला उद्देशून. पंच म्हणजे पूर्वी विल्फ यांच्या जोडीने पंचगिरी केलेले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी काही ऐकले नव्हते. पण हेलिवेलांची नात निघाली म्हणजे लागलेच असणार, असे म्हणत त्यांनी बोट वर केले. मी काखेत ओरडत होते. लाकडाच्या ओरडण्याला ते जळेपर्यंत कोणी ओरडणे म्हणत नाही.

सामना सहा धावांनी गेला.

संध्याकाळी रूथ गार्साइड यांनी तिला चित्रफीत दाखवली. "बॅट आणि चेंडूमध्ये माझा आख्खा हात जाईल, ब्रायोनी. तू निघालीस कशाला?" ब्रायोनी म्हणाली, मला आवाज आला. रूथबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण मला तिथं थांबणारी मुलगी हवी आहे." जागा इमोजेनला मिळाली.

सगळ्या गेल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बाकावर बसली. मला मांडीवर घेऊन, उघड्या हातांनी, तिने माझी मूठ पिळली. कट्. पुन्हा पिळली. कट्. मला वाटले ती मला भिंतीवर आपटेल. मला ते हवेही होते. तिने मला पिशवीत ठेवले आणि चेन ओढली.

रविवारी ती मला घेऊन वृद्धाश्रमात गेली. विल्फ यांना बातमी कळली होती. त्यांचा उजवा डोळा हसत होता.

"कड लागली होती म्हणे."

"हो, आजोबा."

"आणि निघालीस."

"निघाले."

"मग जागा गेली तर जाऊ दे, पोरी. असल्या जागा येतात."

त्यांनी मला मागितले. चालत्या हाताचा अंगठा माझ्या पोटावरून फिरवला, वरून खाली, सवयीने. अर्ध्यावर तो अंगठा थांबला. सात महिन्यांचा कोरडेपणा अंगठ्याला कळायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी नातीकडे पाहिले नाही. खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, चहा गार होतोय तुझा.

ऑगस्टमध्ये ओव्हरडेनचा लीगमधला शेवटचा सामना होता. ब्रायोनीने विल्फ यांना चाकाच्या खुर्चीत बसवून सीमारेषेशी आणले, त्यांच्या पायांवर शाल घातली आणि शालीवर मला ठेवले. ती स्वतः नव्या बॅटीने खेळत होती. एका हाताने टाळ्या वाजत नाहीत, म्हणून तिने चौकार मारला की विल्फ मला खुर्चीच्या दांड्यावर ठोकत. ठक्. त्या दिवसाएवढी उपयोगी मी कित्येक महिन्यांत पडले नव्हते.

ती बाविसावर असताना चेंडूने कड घेतली. खरीखुरी. लाकडाला लाकडाचा आवाज कळतो, आणि चाळीस वर्षांच्या पंचालाही. माझ्या मुठीवरची त्यांची बोटे आवळली गेली. यष्टिरक्षक ओरडला आणि मग सगळे गप्प झाले, कारण आता ती निघणार होती. ती निघत असे.

ती थांबली. हेल्मेटचा पट्टा सारखा करीत राहिली.

पंच गोंधळले, मला ते इतक्या लांबूनही दिसले. हेलिवेलांची नात उभी आहे, म्हणजे लागले नसणार. त्यांनी मान हलवली. त्यानंतर तिने सत्त्याऐंशी धावा केल्या आणि सगळे ओव्हरडेन उभे राहिले. विल्फ यांनी मला एकदाही ठोकले नाही.

ती परतली आणि त्यांच्यासमोर गवतावर बसली. मग विल्फ यांनी चहाच्या खोलीतल्या बाईंना हाक मारून कपाटातली तेलाची बाटली मागवली. फडके बुडवून ते एका हाताने मला पुसू लागले, पण मी शालीवरून घसरत होते.

"धर तिला," ते म्हणाले.

तिने मला धरले. त्यांच्याकडे वर न पाहता म्हणाली, "मी घातलं नव्हतं, आजोबा."

"ठाऊक आहे."

"आणि आज..."

"तेही ऐकलं मी." ते पुसत राहिले. "पण हे एप्रिलमध्ये सांगायचं, पोरी."

तेल सांध्यापर्यंत आत गेले नाही. वरच्या वर चमकत राहिले आणि उन्हात तिच्या मनगटावर ओघळले. सांधा अजून वाजतो. दार जोरात लागले की खिळ्यावरसुद्धा वाजतो. ब्रायोनी पुढच्या वर्षी पुन्हा निवडीला जाणार आहे. कड लागली तर ती निघेल की थांबेल, हे मला आता सांगता येत नाही. पूर्वी सांगता येत असे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कोपऱ्यात उभी असेल आणि तिला तेल घालायचे राहिले असेल, तर आज घाला. तेही जमले नाही, तर निदान विचारणाऱ्याला 'नाही घातले' एवढे तरी म्हणा. तेवढ्याने सांधा जुळत नाही. पण मग त्याच्या आवाजाने मैदान सोडून निघायची वेळ कोणावर येत नाही.