थुंकीची परीक्षा

देवळाली कॅम्पच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं दर शनिवारी प्रार्थनेनंतर थुंकीची परीक्षा होते. मुख्याध्यापक रंगनाथ सरांच्या सुपीक डोक्यातून निघालेली. शाळा तंबाखूमुक्त करायची म्हणून मोठी पोरं रांगेनं पांढऱ्या कागदावर थुंकतात आणि सर चष्मा सरकवून रंग बघतात. शी! त्यात परीक्षक स्वतः गालात गुटखा धरून बोलतात. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीखालची भिंत लालभडक झालीय, आणि तिच्यावर ‘येथे थुंकू नये’ असं त्यांनीच रंगवून घेतलंय.

आणि माझं नशीब बघा. माझ्या तोंडात थुंकीच नाही. पाण्याशिवाय घास उतरत नाही, दात किडून काळे पडलेत, जीभ टाळूला चिकटते. नाशिकच्या डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आतला इवलासा तुकडा काढून तपासला. म्हणाले, शरीराच्या राखणदार पेशींना आपल्याच लाळेच्या ग्रंथी शत्रू वाटायला लागल्यात. एक पेशी खोटी हाळी देते, बाकीच्या धावून येतात, त्या आणखी हाळ्या देतात. सूज उतरतच नाही आणि ग्रंथी मरत जातात.

शाळेतही अशीच हाळी उठली. काळे दात, सारखी पाण्याची बाटली... कुणीतरी म्हणालं, योगिनी मॅडम, म्हणजे मी, तंबाखूची मिश्री लावतात. झालं! स्टाफरूमभर तेच. मी सरांकडे रिपोर्ट घेऊन गेले, तर त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. शनिवारी सगळ्यांसमोर परीक्षा द्या, नाहीतर सहावीचा वर्ग सोडा, म्हणाले. अहो, ती पोरं दुसरीपासून माझ्या हाताखाली आहेत. त्यांना सोडायचं म्हटल्यावर मला रात्रभर झोप नाही.

शनिवारी सरांनी कागद पुढे केला. मी गाल आत ओढले, जीभ दातांवर घासली, जीव खाऊन प्रयत्न केला. माझीच पोरं बघत होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद कोरडा ठणठणीत.

सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मुद्दाम थुंकत नाहीत. चोराच्या मनात चांदणं.”

माझं टाळकंच सरकलं. मी नवा कागद घेतला आणि त्यांच्या हनुवटीखाली धरला.

“आता तुम्ही, सर.”

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळी शाळा समोर, थुंकायची सोय नाही, तर त्या माणसानं काय करावं? गालातला अख्खा तोबरा गिळला! गळ्याची घाटी वरखाली झाली, डोळे पाण्यानं भरले, जोराचा ठसका लागला आणि लाल ओघळ थेट कागदावर. कागद भिजला, माझी बोटंही भिजली.

सर तोंडाला रुमाल लावून ऑफिसात पळाले. सहावीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी नळावर साबणानं बोटं घासत राहिले. ओकारी येत होती, तीही कोरडीच. एवढी घाण, एवढी किळस, आणि तरी खरं सांगते, त्या मेल्याच्या तोंडात केवढी लाळ आहे हे बघून माझा जीव जळला.