कडेचा डाग

मी एका कोंबडीच्या मेंदूतला विकर, म्हणजे एन्झाइम, बोलतोय. नाक मुरडू नका. सेरोटोनिनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण ते बनवायची पहिली पायरी माझी, हे सांगायला कुणाची जीभ वळत नाही. म्हणून मीच सांगतो.

माझ्या पोटात लोखंडाचा एक कण आहे. कोंबडी दाणे टिपायची, त्यांतलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल रक्तातून माझ्याकडे यायचं. मी त्याला प्राणवायू जोडून पुढे धाडायचो. उरलेलं काम दुसरा विकर चुटकीसरशी उरकायचा. मी हात आखडला, की सगळं ठप्प.

माझी घरं दोन. एक मेंदूच्या देठात, ते जगजाहीर. दुसरं आत खोलवर, पाण्याने भरलेल्या पोकळीच्या कडेला. तिथे मात्र माझं नाव पडलं होतं, डाग.

कोंबडी गेली, तिच्या मेंदूचे पातळ काप झाले. प्रयोगशाळेची रीत अशी: मला शोधणारं द्रव्य कापावर घालायचं, मी असेन तिथे जांभळा रंग चढवायचा आणि मग पोकळीची कड पांढरी होईपर्यंत काप अल्कोहोलमध्ये धुवायचा. ती कड खोटा रंग धरते, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना त्यांच्या सरांनी सांगितलेलं.

सरांची विद्यार्थिनी मुलखाची हट्टी. तिचा शोधनिबंध सहीसाठी सरांच्या टेबलावर होता, त्यात माझं एकच घर लिहिलेलं. सही झाली असती, तर माझं दुसरं घर कायमचं पुसलं गेलं असतं. तिने दोन काप आणले, दोन्ही न धुतलेले. एकावर रंग चढवला होता, पण मला शोधणारं द्रव्य घातलंच नव्हतं. त्याची कड कोरी. दुसऱ्याची जांभळी.

सर न बघताच म्हणाले, "बाळ, डाग आहे तो. धुऊन टाक."

"डाग असता तर दोन्हीकडे पडला असता, सर. धुवायच्या आधी कधी कुणी बघितलंय का?"

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. दोन्ही काप आलटूनपालटून बघितले. मग कपाटातल्या जुन्या काचपट्ट्या काढून एकेक उजेडात धरू लागले. सगळ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र.

"किती धुतलं मी," ते पुटपुटले आणि निबंध सही न करता तिच्याकडे सरकवला. "दुसरं घरही लिही."

आता मी काचेखाली आहे. काम थांबलंय, रंग टिकलाय. माझी मान ताठ आहे. मोठ्यांनो, धुवा हवं तेवढं. फक्त आधी एकदा डोळ्यांनी बघा.