नौका क्रमांक आठ

चार वाजताच्या जहाजाने ताई गेली आणि टाचणीची तिच्याशी भेट झाली नाही. पण याची नोंद वहीत नाही, आणि जे वहीत नाही ते घडलेलं नाही, अशी बंदर कचेरीची पद्धत. तेव्हा असं काही घडलंच नाही असं धरून सकाळपासून सुरुवात करू.

टाचणी हा बंदरावरचा नोंदणी कारकून. अंगाने टाचणी, कामही कागद टाचायचं; नाव ठेवलं ताईनेच. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि आज ती पाच वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाली होती. निघायच्या घाईत तिचा चष्मा घरी खिडकीत राहिला. चष्म्याशिवाय ताईला चार हातांपलीकडचा माणूस आणि विजेचा खांब सारखेच. टाचणीने चष्मा खिशात टाकला. जहाज चारला, त्याची सुटी साडेतीनला, धक्का पाच मिनिटांवर. काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

त्याची कामाची खोली पाण्यावर होती. किनाऱ्यावर जागा उरली नाही म्हणून साहेबांनी ती रिकाम्या पिंपांवर बांधून घेतली आणि मधे एक फळी टाकली. खिडकीतून दिसेल ती बोट वहीत चढवायची. रकाने तीन: माल, माणसं, मासे. कशातच न बसणाऱ्या बोटींसाठी चौथा, ‘इतर’. टाचणीचा सगळा जीव या चौथ्यात.

त्या दिवशी ‘इतर’ला नुसता ऊत आला होता. आधी एक होडी आली, तिच्यात आरशाचं कपाट उभं आणि कपाटासमोर दाढी करणारा गृहस्थ. मग एका तराफ्यावर न्हाव्याच्या अकरा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, जणू गिऱ्हाइकं मधेच बुडाली. मग बागेच्या तळ्यात असते तशी हंसाची होडी, आणि तिच्यात गंभीर चेहऱ्याने पाय मारणारा एक जाडजूड हवालदार. हा काही केल्या पुढे जाईना. तिथल्या तिथे गोल फिरत राहिला. दुपारपर्यंत अशा सात झाल्या.

इतक्यात परिपत्रक आलं: ‘तरंगणारी एकही वस्तू नोंदीवाचून राहता कामा नये.’ टाचणीने बाहेर पाहिलं. काही राहिलं नव्हतं. तो समाधानाने मागे रेलला, तर शाईची दौत आपली आपण सरकत टेबलाच्या कडेला आली. टाचणीने दौतीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं, आणि माणूस प्रामाणिक असल्यामुळे लेखणी उचलली. ‘क्रमांक आठ. इतर. रंग निळा, खिडकी एक, कारकून एक.’

यादी घेऊन पहारेकरीकाका मोठ्या कचेरीत गेले. वीस मिनिटांनी परत आले आणि फळी ओढायला लागले.

“काका, फळी कुठे नेताय?”

“वर, किनाऱ्यावर. बिनकागदाच्या बोटीवरून शिक्का होईपर्यंत कोणी उतरायचं नाही. साहेबांनी तुझं फार कौतुक केलं बरं का. म्हणाले, असला बारीक नजरेचा माणूस आजवर पाहिला नाही.”

“मग तो शिक्का आणा ना!”

“शिक्का नोंदणी कारकुनाने स्वतः कचेरीत येऊन मारायचा असतो.”

“अहो, मीच नोंदणी कारकून!”

“मग ये की. उतरू मात्र नकोस.”

“पोहत येऊ?”

“येतं तुला?”

“नाही.”

“पाण्यावर नोकरी आणि पोहता येत नाही?”

“भरतीच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.”

साडेतीन वाजले. सुटीची घंटा झाली. सगळी कचेरी घरी गेली, शिक्का असलेलं कपाट बंद झालं. टाचणीने खिशातून चष्मा काढला.

“काका, निदान हा ताईला पोचवा. टाकतो, झेला.”

काका टुणकन दोन पावलं मागे सरले. “टाकू नको बाबा! या बोटीचा माल झेलला तर माझी वर्दी उतरेल. चोरटा माल धरतात त्याला!”

“चष्मा आहे हो तो, बहिणीचा!”

“चोरटा मालही कोणाच्या तरी बहिणीचाच असतो,” काका म्हणाले आणि वाईट वाटून फळीवरच बसले.

चारला जहाज सुटलं आणि खिडकीसमोरूनच निघालं. ताई कठड्याला टेकली होती. डोळे बारीक करून किनारा चाचपत होती.

“ताई! ए ताई! इकडे!” टाचणी कमरेपर्यंत खिडकीबाहेर आला.

आवाज पोचला. ताईचा चेहरा फुलला. “टाचण्या! आलास का रे! मला वाटलं, विसरलास मेल्या!” आणि ती दोन्ही हात हलवायला लागली, हंसातल्या हवालदाराकडे बघून. “वेळेवर जेवत जा! आणि काय रे, तब्येत चांगली सुधारलीय की तुझी!”

हवालदाराने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्याने उभं राहून सलाम ठोकला.

ताई रडत हसत होती. टाचणीने दुसरी हाक घशातच ठेवली. जहाज वळेपर्यंत ती हात हलवत राहिली आणि हवालदार सलामात उभा राहिला.

टाचणीने ‘माणसं’च्या रकान्यात जहाज चढवलं. दौत पुन्हा कडेला आली होती. ती मधे सरकवून त्याने कोरा कागद घेतला.

‘माननीय साहेब, नौका क्रमांक आठवरील एकमेव खलाशास आज दुपारी साडेतीन ते चार या, होऊन गेलेल्या, वेळात किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. सोबत: चष्मा, एक.’