सरूबाईंनी कोणावर हात ठेवला?

सरूबाई गेल्या त्याला चार महिने झाले आणि दौंडहून चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला. रविवारी उपासनेनंतर बैठक आहे, वडगाव रासाईची ख्रिस्ती मंडळी यापुढं कोणी सांभाळायची ते ठरवायचं आहे.

सरूबाई काही पाळक नव्हत्या. पण बावीस वर्षं मंडळी त्यांनीच सांभाळली. दौंडचे पाळक शंकरराव महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा विधी करायला येत. बाकीचे सगळे दिवस सरूबाईंचे. कोणाचं मूल तापलं, कोणाचा नवरा दारू पिऊन पडला, कोणाला शिरूरला दवाखान्यात न्यायचं, की माणसं आधी त्यांच्या दाराशी यायची. ख्रिस्ती नसलेलीही यायची. सरूबाई डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि वाकून आलेला माणूस जाताना जरा ताठ चालत जाई. त्यांचे यजमान आनंदराव ओट्यावर बसून हे बघत. आपल्या बायकोचा त्यांना फार अभिमान होता, पण तोंडावर तसं कधी बोलले नाहीत. आता बोलायचं म्हटलं तर ती नव्हती.

चार महिने त्यांची मुलगी अनिता हे सगळं सांभाळत होती. ती कारेगावला कंपनीत कामाला. पहिल्या शिफ्टहून आली की तोंडावर पाणी मारायची आणि कोणाच्या तरी घरी जायची. आईची जागा तिला मिळावी एवढी एकच इच्छा आनंदरावांच्या मनात उरली होती.

रविवारी पाळकसाहेब उपासनेआधीच घरी आले. बरोबर रविराज नावाचे एक तरुण पाळक होते. धर्मशिक्षण पुरं करून नुकतेच आलेले, हातात वही.

चहा झाल्यावर साहेब म्हणाले, "आनंदराव, चर्चच्या कमिटीचं म्हणणं सरळ आहे. अधिकार हातानं पुढं जातो. माझ्यावर आमच्या मोठ्या साहेबांनी हात ठेवला, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी. सरूबाईंवर मी ठेवला. त्यांनी जायच्या आधी अनितावर हात ठेवला असेल, तर तुम्ही बैठकीत तेवढं सांगा. रविराज लिहून घेतील. मग अनिताला कोणी अडवणार नाही."

"आन् नसंल ठेवला तर?"

"तर रविराज इथं नेमले जातील." साहेबांनी कप खाली ठेवला. "पण आईच ती. ठेवलाच असेल की."

आनंदराव म्हणाले, "बैठकीत सांगतो."

त्यांना सगळं ठाऊक होतं. शिरूरच्या दवाखान्यात ते खाटेच्या पायथ्याशीच उभे होते. अनितानं आईपुढं डोकं वाकवलं होतं, आणि सरूबाईंनी हात ठेवला नव्हता.

पाहुणे प्रार्थनामंदिराकडं गेल्यावर अनितानं विचारलं, "आबा, काय सांगनार तुम्ही?"

"काय सांगू?"

"जे बघितलंय ते."

"बावीस वर्षं तुझी आई राबली. ते सगळं परक्याच्या हातात जाईल, पोरी. एका शब्दाचा तर प्रश्न हाय."

"त्यो शब्द आईच्या नावावर बोलनार ना तुम्ही?" एवढंच बोलून ती सतरंज्या घालायला गेली.

मंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली. उपासना झाली तरी कोणी उठलं नाही. रविराजनी वही उघडली आणि हात ठेवण्याची प्रथा प्रेषितांच्या काळापासून कशी चालत आली ते नीट समजावून सांगितलं. मुलगा शहाणा होता, बोलणंही मऊ होतं. पण पुढं बसलेल्या शेवंताबाईंना राहवलं नाही.

"म्हंजी वारसाची नोंदच की वो ही! सातबाऱ्यावर लावत्यात तशी."

मंडळी हसली. रविराजही हसले. "तसं नाही मावशी. पण कोणीही उठून म्हणेल मला अधिकार आहे, तर कसं चालेल?"

"ह्ये बरं हाय. माझा नातू दवाखान्यात हुता तवा अनिता तीन दिस उशाला बसली. ती काय बिनअधिकाराची बसली व्हय?"

"शेवंताबाई, थांबा," साहेब म्हणाले. "आनंदराव, तुम्ही सांगा. सरूबाईंनी कोणावर हात ठेवला?"

आनंदराव उठले. अनिता भिंतीपाशी बसली होती. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. तिचं नाव घ्यायला जीभ तयार होती. खोलीतल्या सगळ्यांना तेच हवं होतं, साहेबांनासुद्धा.

"न्हाई ठेवला," ते म्हणाले. "कुनावरच न्हाई."

शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला.

"पोरीनं डोकं पुढं केलं, तर सरूनं हात चादरीत घेतला. म्हनली, मी दिलं तर तू म्हनशील आईचं हाय, आन् त्याच्यावर बसून खाशील. माझ्यापाशी साठवलेलं काय न्हाई. ज्याच्या दारात गेले, त्याच्यासाठी तितल्या तितं मागितलं. तू बी तसंच माग." आनंदराव साहेबांकडं वळले. "मला तवा लई राग आला. मरता मरता लेकीला रिकाम्या हाती ठेवली म्हनून. पर साहेब, कुनी मोठं म्हनल्यावर आपल्याकडं देन्यासारखं काय न्हाई असं म्हनायला छाती लागती. ती माझ्या बायकोला हुती. तिच्या नावावर मी खोटं बोलनार न्हाई, पोरीसाठी बी न्हाई."

ते खाली बसले. मान वर होती. गेल्या चार महिन्यांत ती एवढी वर झाली नव्हती.

रविराज हळू आवाजात म्हणाले, "मग सरूबाईंनी कोणाला नेमलं नाही, अशी नोंद होईल."

"तशीच करा. त्यात तिला कमीपना न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी इतक्या जणांवर हात ठेवले. त्यात काही दिलं की नुसताच ठेवला, ते देवालाच ठाऊक." त्यांनी चष्मा पुसला. "पण नियम आहे. पुढच्या महिन्यापासून रविराज इथं येतील."

बैठक संपली. लेकीची जागा आपणच घालवली असं आनंदरावांना वाटलं आणि तिच्याकडं बघायचं धैर्य होईना.

तेवढ्यात शेवंताबाई उठून अनितापाशी गेल्या. "सुनेचं दिस भरल्यात गं. बुधवारी येशील ना?"

"येते की, मावशी."

मागून मल्हारी आला. उसाच्या टोळीवर काम करणारा, मंदिरात फारसा न दिसणारा गडी. "अनिताताई, म्हातारी जेवंना झालीया. तुझ्याशीच बोलायचं म्हनती." त्याच्यामागं आणखी दोघी उभ्या होत्या. नेमणूक कोणाची झाली ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी त्यांच्यातलं कोणीच रविराजकडं वळलं नाही.

रविराज वही घेऊन बाजूला उभे होते. त्यांना वाईट वाटलं असेल तर ते दिसलं नाही. गर्दी कमी झाल्यावर ते अनितापाशी आले.

"ताई, बुधवारी मीही बरोबर येऊ का? मला इथली घरं माहीत नाहीत. माणसं तर नाहीतच."

अनितानं त्यांच्याकडं नीट बघितलं. आई समोरच्याला जोखताना बघायची तसंच.

"या. पाच वाजता शेवंतामावशीच्या दाराशी. पर एक सांगते, म्हाताऱ्या मानसांम्होरं वही काढायची न्हाई. आधी बसायचं, ऐकायचं. प्रार्थना त्याच्या नंतर."

"बरं," रविराज म्हणाले, आणि वही पिशवीत ठेवली.

आनंदराव दाराशी हे ऐकत उभे होते. दौंडचे पाळकसाहेब बाहेर पडताना त्यांच्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तुमची लेक आमच्या पाळकाला शिकवते आहे, आनंदराव."

"व्हय," आनंदराव म्हणाले. "सरूची लेक हाय ती."