न आलेला वास

गॅस कंपनीत त्याला सगळे नाक्या म्हणायचे. गळती कुठे आहे ते यंत्राच्या आधी हा सांगायचा. दारातून आत आला की मान जरा वर करायची, एक श्वास ओढायचा आणि थेट त्या सांध्यापाशी जाऊन पाना लावायचा. बायको म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, आमच्याकडे नाकावर घर चालतं.

त्या रविवारी ती छोटे डोनट करत होती, न तळता, ओव्हनमधले. समोरच्या इमारतीतल्या शिंपीकाकांच्या मुलीला ते फार आवडायचे. काकांना जाऊन महिना होत आला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला तेव्हा मुलगी कामावर होती, म्हणून वाचली. ओट्यापाशी काही शाबूत उरलंच नव्हतं. चौकशीला आलेल्यांनी अंदाज बांधला, शेगडीचं बटण उघडं राहिलं असावं. आणि सकाळचा चहा मुलीनेच केला होता. तेव्हापासून ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मावशीकडे राहत होती, आणि मावशी सांगायची की पोरगी घासभरसुद्धा धड खात नाही.

बायकोने मैदा चाळला, त्यात जायफळ किसून टाकलं, दही आणि अंडी फेटून घातली, वितळलेलं लोणी ओतलं. पीठ एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिचा कोपरा कापला आणि साच्याच्या इवल्याशा खळग्यांमध्ये गोल गोल सोडलं. साचा ओव्हनमध्ये सरकवून नवऱ्याला म्हणाली, मी गच्चीवरचे कपडे घेऊन येते, रंग आला की बंद कर. तो ओव्हनकडे पाठ करून टेबलाशी बसला होता, इस्त्रीची वायर दुरुस्त करत. त्याने हुं म्हटलं.

गच्चीवर शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला. कपडे घेऊन ती जिना उतरू लागली आणि मधल्या वळणावरच करपलेल्या साखरेचा वास तिच्या नाकात शिरला. मागून उतरणाऱ्या शेजारणीनेही नाक दाबलं. ती धावत घरात आली. ओव्हनच्या दारातून धूर निघत होता आणि नवरा हाताच्या अंतरावर बसून वायरीला पट्टी गुंडाळत होता.

तिने बटण बंद केलं तेव्हा कुठे तो वळला. सर्दी झालीये, म्हणाला. दूध करपलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी एकदा. तिने फडताळातून कॉफीची बरणी काढली, झाकण उघडलं आणि त्याला डोळे मिटायला लावले.

"काय आहे हे?"

त्याने दोनदा खोल श्वास ओढला. मग म्हणाला, "चहा."

तिने बरणी खाली ठेवली. त्याने डोळे उघडले, बरणी पाहिली आणि सगळं सांगून टाकलं. थंडीत तो शिडीवरून पडला होता, डोक्याचा मागचा भाग आपटला होता. डॉक्टरांनी काढलेल्या फोटोत काही निघालं नाही, पण वास गेला. येईल परत, असं तो रोज स्वतःला सांगायचा. खिशात डांबराची गोळी ठेवून उठल्या उठल्या हुंगायचा. ती गोळी तिला धुवायच्या कपड्यांत सापडली होती. कसरीसाठी असेल, असं तिला वाटलं होतं. ऑफिसात कळलं असतं तर गोदामात टाकलं असतं. म्हणून तो यंत्र घेऊन फिरू लागला होता.

"मग शिंपीकाकांकडे तपासायला गेलास तेव्हा?" तिने विचारलं.

त्या दिवशी यंत्राची बॅटरी उतरली होती. निदान बुडबुडे येतात का ते बघायला सांध्याला साबणाचं पाणी तरी लावायचं, पण काका शेजारीच उभे होते आणि त्याला बघत होते. त्याने नेहमीसारखी मान वर केली, श्वास ओढला आणि सांगितलं, काही नाही, निश्चिंत राहा. नाक्या म्हणतो म्हणजे झालं, असं म्हणून काकांनी त्याला पाणी दिलं होतं.

बायको खुर्चीत बसली. काय होईल ते दोघांनाही कळत होतं: नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. तो म्हणाला, माणूस तर गेलाच, आता सांगून तो परत येणार आहे का?

"माणूस गेला. पण ती पोरगी आपण बापाला मारलं असं समजून जगतेय."

तो उठला, तोंड धुतलं, चपला घातल्या. ती त्याच्याबरोबर निघाली खरी, पण मावशीच्या दारावरची बेल वाजवताना, घरात कोणी नसलं तर बरं, असंच तिला वाटत होतं.

दार मुलीनेच उघडलं. त्याने उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, काही न वगळता. तिने दाराची कड घट्ट धरून ऐकलं.

"म्हणजे शेगडी मी बंद केली होती?"

"हो. काकांना आदल्या दिवसापासूनच वास येत होता. त्यांनीच मला बोलावलं होतं."

"मला बोलले नाहीत ते." मग ती म्हणाली, "महिनाभर तुम्ही मला खाली भेटत होतात. विचारपूस करत होतात."

त्याच्या बायकोने पुढे होऊन तिचा हात धरू पाहिला. मुलीने तो मागे घेतला आणि म्हणाली, उद्या हेच ऑफिसात लिहून द्या, आणि परत इथे येऊ नका. मग दार लावून घेतलं.

त्याने लिहून दिलं. आठवडा उलटायच्या आत नोकरी गेली. साहेब म्हणाले, स्वतःहून आलास म्हणून काही सूट मिळत नाही. कामावरच्या जोडीदारांनी त्याचा फोन उचलणं सोडलं, कारण आता त्यांनी तपासलेली घरंही पुन्हा तपासली जाऊ लागली होती. हल्ली तो बाजारात पोती उचलतो. पाठ धरते, पण तक्रार करत नाही. वकील म्हणतो, शिक्षा होईल, किती ते सांगता येत नाही.

मावशीने एकदा दुकानात बायकोला गाठून सांगितलं की पोरगी आता रात्रीची झोपते, पण नाक्याचं नाव काढलं की उठून जाते. बायकोने ते घरी सांगितलं. त्याने विचारलं, मावशी आणखी काही म्हणाली का. नाही, ती म्हणाली आणि त्याच्या पाठीला तेल लावायला बसली.